तैलचित्राची भिंत

कुलगुरू डॉ. इंदुमती खानोलकरांची मुदत संपली. मुलींच्या वसतिगृहासाठी त्या पाच वर्षं भांडल्या, पण व्यवस्थापन परिषदेतले वजनदार सदस्य दौलतराव धुमाळ दर बैठकीत तो विषय पुढं ढकलत. निरोप समारंभात मात्र दौलतरावांच्या कौतुकाला पूर आला. मावळत्या कुलगुरूंचं तैलचित्र लावायची विद्यापीठाची प्रथाच होती. भरल्या सभागृहात ते गरजले, "मॅडम म्हणतील त्या भिंतीवर चित्र लावू! ठराव मंजूर?" सगळ्या परिषदेनं टाळ्या वाजवल्या.

मॅडम शाल सावरत उठल्या. "मग मुलींच्या वसतिगृहाच्या दर्शनी भिंतीवर लावा."

दौलतराव हसले. "अहो, तिथं नुसतं गवत आहे. भिंत कुठाय?"

"ते तुम्ही बघा. ठराव तुमचाच आहे."

मागं बसलेल्या मुलींनी सभागृह डोक्यावर घेतलं. दौलतराव घाम पुसत म्हणाले, "आणि तोवर चित्र ठेवायचं कुठं?"

"परिषदेच्या बैठकीत, तुमच्या समोरच्या खुर्चीवर. विषय पुढं ढकलायचा झाला, तर माझ्याकडं बघून ढकला."

पुढच्याच बैठकीत वसतिगृह मंजूर झालं. ते उभं राहिलं तेव्हा चित्राचा खिळाही दौलतरावांनाच ठोकावा लागला.