मरळीचं घर

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मासे माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत.

एका नगराजवळचं तळं गाळाने आणि घाणीने मेलं होतं. लोकांनी पाट्या भरभरून गाळ उपसला, पाणी निवळलं आणि राजाने नदीतून वीतभर लांबीच्या मरळी आणून त्यात सोडल्या. राखणीला एक म्हातारा भोई नेमला. पण दोन वर्षं झाली तरी तळ्यात एकही पिल्लू दिसेना. नदीतून आणावेत तेवढेच मासे, वाढ म्हणून नाही.

तिसऱ्या वर्षी मरळी सोडताना राजा म्हणाला, "ही शेवटची खेप. दसऱ्याला जाळं टाकू. पिल्लं नसली, तर तळं बुजवून घोड्यांची पागा बांधायची."

तळ्याकाठी भोयांची बारा घरं होती. तळं गेलं, की तीही उठणार. मग जायचं कुठे?

मरळ काठच्या पाणगवतात गोल जागा करून अंडी घालते, हे म्हाताऱ्या भोयाला ठाऊक होतं. उजाडलं, की तो पाण्यात शिरे, काठीने गवताचा एकेक पुंजका बाजूला सारी आणि वाकून बघे. कधी पिवळी अंडी दिसत. मग तो हरखून दुपारी पुन्हा बघायला जाई, संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी जागा रिकामी असे. गेली दोन वर्षं हेच चाललं होतं, आणि हा शहाणा दोष देत होता पाण्याला!

एके सकाळी त्याने गवत सारलं, तर आतली मरळ पळाली नाही. थरथरत म्हणाली, "बाबा, तुमच्या घराचं दार कुणी दिवसातून तीनदा लोटलं, तर तिथे पाळणा हलेल का? तुम्ही डोकावलात, की आम्ही भिऊन पळतो. पाठीमागे दुसऱ्या मरळी अंडी फस्त करतात."

"अगं, पण बघितलं नाही तर मला कळणार कसं?"

"नाही कळणार," मरळ म्हणाली. "तेवढं सोसा."

भोयाने काठी मोडून टाकली. पण सोसणं का सोपं असतं? दिवसभर तो हात काखेत दाबून काठावर बसून राही. "आहेत का हो पिल्लं?" शेजारी विचारत. "माहीत नाही," तो म्हणे, आणि प्रत्येक वेळी त्याचा जीव अर्धा होई.

दसरा आला. राजाच्या माणसांनी भर तळ्यात जाळं टाकलं. वर आल्या त्या फक्त सोडलेल्या मोठ्या मरळी. राजाने नकारार्थी मान हलवली.

एवढ्यात एका खंड्या पक्ष्याने काठच्या गवतापाशी सूर मारला आणि चोचीत काहीतरी वळवळणारं घेऊन तो वर आला. मासाच होता, करंगळीएवढा! इतका लहान मासा कुणी सोडलाच नव्हता.

"ही तर इथलीच पैदास!" राजा आनंदाने ओरडला आणि गवताकडे धावला. "बघू, किती आहेत?"

भोई हात पसरून आडवा झाला. "महाराज, माझा जीव घ्या, पण गवत सारू नका. दोन वर्षं मी बघत राहिलो, म्हणूनच पिल्लं नव्हती."

राजा थबकला आणि मागे फिरला. तळं राहिलं, बारा घरं राहिली. पुढच्या वर्षी नदीतून मासे आणावे लागले नाहीत.

जे वाढावं असं वाटतं, त्याची राखण करावी. काळजीपोटी ते सारखं उघडून बघू नये.