दयाळाची तान, खारीची चिकचिक

“आता तुम्हीच सांगा बुवा, दयाळ कुठं आणि खार कुठं?”

पद्माकरनं विचारलं खरं, पण उत्तर त्याच्या जिभेवर तयारच होतं.

अच्युतबुवा आता थकले होते. आपल्या चिपळ्या, म्हणजे मठातल्या कीर्तनाचा मान, ते आज कुणाला तरी देणार होते. शिष्य दोनच. गोड गळ्याचा पद्माकर आणि सतरंज्या अंथरणारा खंडू. यात विचार तो काय करायचा, असं पद्माकरला मनापासून वाटत होतं.

चिपळ्या बुवांच्या मांडीवर होत्या. समोर प्राजक्ताच्या खालच्या फांदीवर दयाळ पक्षी गात होता.

“ऐका! दर खेपेला नवी तान. आणि ती खार? उजाडल्यापासून मावळेपर्यंत एकच चिकचिक.”

“खंडूबद्दल बोलतोयस का रे?” बुवांनी सरळच विचारलं.

पद्माकर मुळीच ओशाळला नाही. “हो. कीर्तन संपलं की त्याचं ठरलेलं पालुपद. ‘दादा, मागं बसलेल्यांना शब्द कळत नाहीत. दादा, जरा सावकाश.’ कान किटले माझे.”

“मग?”

“मग काय! ज्याला धड सा लावता येत नाही, त्याचं मी ऐकायचं?”



तेवढ्यात आंब्यावर खार ओरडू लागली. चिक, चिक, चिक. शेपटी उडवत, अगदी जिवाच्या आकांतानं.

दयाळानं तान अर्धीच टाकली आणि भुर्रकन उडून तो कौलांवर जाऊन बसला.

“केला ना रंगाचा बेरंग!” पद्माकर खेकसला. खारीला मारायला त्यानं खडा उचलला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं प्राजक्ताच्या बुंध्याकडे बोट दाखवलं.

तिथल्या कर्दळीत दबा धरून बसलेला बोका बाहेर आला. त्यानं रिकाम्या फांदीकडे एकदा पाहिलं, अंग ताणलं आणि मुकाट्यानं कुंपणापलीकडे निघून गेला.

पद्माकरच्या हातातून खडा गळून पडला. त्याला लाज वाटली, आणि ती लपवताही येईना.

बुवांनी चिपळ्या उचलून पुन्हा झोळीत ठेवल्या.

“बुवा...” त्याचा आवाज खाली आला होता. “मी दयाळासारखा गात नाही का?”

“गातोस की. अगदी त्याच्यासारखा,” बुवा म्हणाले. “पण त्यानं खारीचं ऐकलं.”