वळणाआधीचा ब्रेक

“माझ्या आईला मी न्यायचं न्हाई, मग कुणी न्यायचं, महाराज?”

सोमगिरी महाराज खिंडीतल्या मठाच्या अंगणात मोटारसायकलच्या चेनला तेल सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

निवासचा सवाल वाजवी होता. आई त्याची. तिच्या किडन्या निकामी झालेल्या, आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिससाठी घाट उतरून तालुक्याला जावं लागे. पण महिन्यापूर्वी निवासच्या गाडीचं मागचं चाक वळणावर घसरलं आणि म्हातारी कोपरावर आपटली. तेव्हापासून ती महाराजांच्या मागे बसून जाई. घाट सगळ्यात वेगात उतरतो म्हणून गावभर मिरवणाऱ्या निवासला हे फार झोंबलं होतं.

“हाताचा ब्रेक लावतोस का?” महाराजांनी विचारलं.

“न्हाई. फकस्त पायाचा. हाताचा म्हंजे पुढच्या चाकाचा; त्यो दाबला की गाडी उलटती. समदेच सांगत्यात.”

“सांगणाऱ्यांत न पडलेला कोण हाय?”

निवास नावं आठवू लागला. न पडलेला एकही सापडेना.

“हेल्मेट घाल. बस मागं,” महाराज म्हणाले.

घाट सुरू झाला. निवास मागून चूक काढायच्या तयारीनंच बघत होता. महाराजांचे खांदे सैल, कोपरं सैल. मूठ धरलेली, पण आवळलेली नाही. उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर नुसती टेकलेली.

प्रत्येक वळणाआधी, रस्ता सरळ असतानाच, गाडी हळू होई. हाताचा ब्रेक आणि पायाचा, दोन्ही बरोबर. आधी हलके, मग थोडे जास्त. गाडी वळणात शिरे तेव्हा ब्रेक सुटलेले असत.

कड्याला चिकटलेलं एक वळण आलं. पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. गाडी वळली, आणि समोर रस्ताभर म्हशी.

गाडी थांबली.

चाक किंचाळलं नाही, घसरलं नाही. निवासची छाती महाराजांच्या पाठीला लागलीसुद्धा नाही. एक म्हैस पुढे येऊन चाक हुंगू लागली.

या वळणावर गाडी आपल्या हातात असती, मागे आई असती, तर काय झालं असतं, ते निवासला लख्ख दिसलं. मग तो महाराजांच्या त्या दोन बोटांकडे बघत राहिला. बोटं अजून तिथेच होती.

“महाराज… ब्रेक कधी लावला?”

“वळणाच्या आधी.”

“पण म्हशी तर वळणाच्या पल्याड होत्या.”

“व्हय.”

“मग तुमाला आधी कळलं कसं?”

“कळलं नव्हतं.”

म्हशी आपल्या सवडीनं बाजूला झाल्या.

महाराज उतरले. “आता तू.”

निवासनं सवयीनं चारही बोटांनी मूठ आवळली. महाराजांनी त्याची बोटं सैल केली, दोन उचलून ब्रेकवर ठेवली आणि मागे जाऊन बसले.

पुढचं वळणही तसंच, आंधळं. पुढचा दाबला की उलटणार, ही भीती निवासच्या अंगात लहानपणापासून मुरलेली. तरी रस्ता सरळ असतानाच त्यानं दोन्ही ब्रेक हलके दाबले.

गाडी उलटली नाही. पुढून जराशी दबली आणि शहाण्या बैलासारखी हळू झाली. त्यानं ब्रेक सोडले, गाडी वळणातून निघाली.

पलीकडे रिकामा रस्ता. लांबवर ऊन पडलेलं. एक कुत्रंसुद्धा नाही.

निवासनं गाडी कडेला घेतली. त्याला कसंनुसं झालं होतं.

“काहीच नव्हतं, महाराज. उगंच हळू केली.”

महाराज खाली उतरले. त्यांनी त्या रिकाम्या रस्त्याकडे बघितलं.

“गुरुवारी आईला तू ने.”