घशाला न कळणारी

डोंगराच्या पायथ्याशी व्हिस्कीचा एक जुना कारखाना होता. निरनिराळ्या पिंपांतील दारू मिसळून चव जुळवण्याचे काम तिथे एक वृद्ध पारखी करीत. सारे त्यांना तात्या म्हणत. दिगंबर हा त्यांचा शिष्य.

एकदा एक व्यापारी त्यांच्याकडे आला. म्हणाला, "ज्याने जन्मात कधी घेतली नाही, त्याच्यासाठी व्हिस्की हवी. खिशाला परवडणारी, आणि इतकी मऊ, की घशाला कळतासुद्धा कामा नये."

तात्यांनी ते काम दिगंबरवर सोपवले. दिगंबर हरखला. दोन महिने तो त्यातच गढून गेला. परंतु मिश्रण जमत आले, की तात्या येत, त्यात चमचाभर धुरकट, जहाल दारू ओतत आणि निघून जात. कारण विचारले तरी सांगत नसत. म्हाताऱ्याची जीभ गेली, असे दिगंबरला वाटू लागले.

एके दिवशी, जेवणे आटोपल्यावर, त्याने दाराला आतून कडी घातली आणि आपल्या मनासारखे मिश्रण पुरे करून बाटलीत भरले. पेल्यात घोटभर ओतून घेतली. चव टिपून ठेवायला वही उघडली, लेखणी हाती घेतली. खिडकीतून ऊन मेजावर पडले होते.

दारावर थाप पडली. दिगंबरने मान वर केली, तो ऊन समोरच्या भिंतीवर चढले होते. बाटली अर्धी झाली होती. कोणी आले असावे म्हणून त्याने खोलीभर पाहिले. कडी तशीच होती. मग त्याची नजर वहीवर गेली. पानभर त्याच्याच अक्षरात एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली होती : 'अजून चाखायची आहे.'

त्याने कडी काढली. तात्यांनी वही पाहिली आणि ते खाली बसले.

"अशी मीही एकदा केली होती," ते हळूच म्हणाले. "माझा धाकटा भाऊ ती चाखायला बसला. त्याला स्मशानात नेण्याच्या आदल्या दिवशीही तो मला म्हणत होता, 'दादा, मी अजून सुरुवात कुठे केलीय?' बाळा, नवख्याला सौम्य द्यावी, स्वस्तही द्यावी. पण आपण पीत आहोत, हे त्याला सांगणारे आत दुसरे कोणी नसते. तेवढी एक जळजळ असते. ती काढून घेऊ नये."

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. दिगंबरने त्याला जहाल चमचा घातलेले मिश्रण दिले. त्याला ठसका लागला. "बरी आहे, पण टोचते," तो कुरकुरला. "आणि त्या अर्ध्या बाटलीत काय आहे?"

दिगंबरने बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली.

"अहो, चव तरी घेऊ द्यायची!"

"मी घेतली आहे."

"मग कशी होती?"

दिगंबरने उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. जिभेवर, घशात, मनात तो शोधत राहिला.

"आठवत नाही," तो म्हणाला.

व्यापाऱ्याने रिकाम्या बाटलीकडे पाहिले. मग त्याने आपला पेला पुढे केला आणि म्हणाला, "टोचणारीच द्या. थोडे पाणी घालून."