झऱ्याकडं पाठ

गप पडा आधी. ए गोप्या, पाय आवर, त्या पोरीला लागतोय. परत उठलात तर गोष्ट बंद, सांगून ठेवतो.

एक व्हता राजा. अक्कल सोडून समदं व्हतं त्याच्याकडं. डोंगर व्हते, धबधबा व्हता, कमळाचं तळं व्हतं. आन डोंगराच्या पोटाशी एक गाव व्हतं. त्या गावाचा एक सण व्हता. तसला सण दुसरीकडं कुठंच न्हाई, बरं का.

होळी झाली का डोंगरातली देवी गावात यायची. आता यायची म्हंजे कशी? गावातल्या एका घराकडं देवीचा लाकडी मुखवटा व्हता. लालभडक, पाटीयेवढा. त्या घरच्या गड्यानं तो तोंडाला बांधायचा. बांधला का मग तो गडी न्हाईच. देवीच. मग संबळ वाजायचा, पिपाणी वाजायची. देवी दिवसभर नाचायची, दारोदार जायची. पोरं मांडीवर घ्यायची. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवायची. लोकं पोटभर बघायची.

पन सांज झाली का बघनं बंद. देवी गावाबाहेरच्या झऱ्यात जाऊन उभी ऱ्हायची, आन समद्या गावानं झऱ्याकडं पाठ करायची. म्हाताऱ्यांनी बी, पोरांनी बी. फकस्त त्या गड्याची बायको पान्यात उतरायची. तांब्याभर पानी मुखवट्यावर वतायची आन म्हनायची, "माय, तुझं झालं. आता माझा मला दे."

मग मुखवटा सुटायचा. देवी डोंगरात, गडी घरी.

पाठ का करायची? अरे, समोर कोन टकामका बघत बसलं तर तू चड्डी बदलशील का? मग! देवाला बी लाज असती.

तर त्या वक्ताला मुखवटा व्हता चैत्याच्या घरी. बायको जिवली. सोमी नावाची पोरगी व्हती, नुकती रांगायला लागलेली. गरीब मानूस, पन हसायला लागला का दोन घरं पलीकडं ऐकू जायचं.

आन एकदा राजाकडं लांबून पाव्हने आले. धबधबा बघितला, तळं बघितलं. म्हनले, "आनखी काय हाय?" राजाला वाटलं, आपली इज्जत जाती आता. मग त्यानं त्यांना सणाला आनलं.

सांजेला पाव्हन्यांनी बी पाठ केली. पन एकानं बोटांच्या फटीतून बघितलं. मुखवटा निघाला, पन चैत्याच्या कपाळाला लाल रंग ऱ्हायला. दगडानं घासला. गेला न्हाई.

दुसऱ्या वर्साला पाव्हने आनखी आले. निम्म्यांनी पाठ केली, निम्मे बघत ऱ्हायले. मुखवटा निघाला, पन चैत्याची हनवटी लाकडाची झाली. हसला का टकटक वाजायची. मग त्यानं हसनंच सोडलं.

तिसऱ्या वर्साला त्या दीडशहान्या राजानं काय करावं? झऱ्यासमोर दगडी पायऱ्या बांधल्या! पाव्हन्यांना नीट बसून बघता यावं म्हनून! आन गावानं काय करावं? पायऱ्यांखाली भज्यांच्या कढया लावल्या. सांज झाली, तर गाव बी फिरलं न्हाई. फिरलं असतं तर भजी करपली असती ना!

जिवलीनं पानी वतलं. मुखवटा सुटला न्हाई. परत वतलं. ओढला. मानेतनं रगत आलं, पन सुटला न्हाई.

मग चैत्या तसाच घरी आला. देवीचं तोंड घेऊन. त्या लाकडी तोंडातनं जिवली त्याला पेज पाजायची. त्याला बोलता येईना. सोमी त्याला बघून किंचाळायची. म्हनून तो वटीवर निजायचा, भिंतीकडं तोंड करून.

सोमी मोठी व्हत गेली. इचारायची, "आये, बा कसा दिसायचा गं?"

जिवली म्हनायची, "नाक तुझ्यावानी व्हतं."

मग सोमी आपलंच नाक चाचपत बसायची.

शेवटी जिवली राजाकडं गेली. म्हनली, "म्हाराज, एक सांज द्या. समद्यांना पाठ करायला लावा."

राजा म्हनला, "अगं बाई, लांबून येतात ती मानसं. त्यांना काय झाडं दावू?"

मग ती पाव्हन्यांकडं गेली. हात जोडले, रडली. त्यांनी सोमीच्या हातावर खडीसाखर ठेवली, आन जिवली रडती कशी ते बघत बसले.

मग ती गावात आली. कढयांच्या मधोमध उभी ऱ्हायली आन वरडली, "मेल्यांनो! तुमची पोरं त्यानं मांडीवर घेतली का न्हाई? आता त्याची पोर त्याला भिती. घाला भजी तुमच्या मढ्यावर!"

गाव चपापलं. एक म्हातारी उठली, तिनं आपली कढई पालथी घातली. मग दुसरीनं. मग समद्यांनी.

त्या सांजेला चैत्याला झऱ्यात उभा केला. गावानं पायऱ्यांपुढं घोंगड्यांचा पडदा धरला. एक बी पाव्हना झऱ्याकडं सोडला न्हाई. राजा तरातरा आला, तर दोघांनी खांद्याला धरून त्यालाच फिरवला. आन मग समद्या गावानं पाठ केली. चिडीचूप. नुसतं झऱ्याचं पानी वाजत व्हतं.

जिवलीनं पानी वतलं. "माय, तुझं झालं. आता माझा मला दे."

लाकूड करकरलं. मुखवट्याची कड सुटली. एक गाल दिसला, पांढराफटक, कितीक वर्सं ऊन न लागलेला.

सोमी बी पाठ करून उभी व्हती. तिनं ती करकर ऐकली. आता नाक दिसंल, तिला वाटलं. आपल्यावानी नाक.

आन ती फिरली. बघितलं तिनं.

खाडकन मुखवटा मिटला. लाकूड मानेतनं खाली उतरलं, छातीत, पोटात, पायात. चैत्या झऱ्यात उभाच्या उभा खांब झाला. सोमीला गालाची कड तेवढी दिसली. नाक न्हाईच दिसलं.

ए, रडू नको. आन सोमीला कोनी नाव ठेवायचं न्हाई इथं. बा बघायचा व्हता पोरीला. शिव्या द्यायच्या तर त्या राजाला द्या, मी बी देतो.

मग राजानं त्या खांबाला कठडा बांधला. आता पाव्हने दुप्पट येतात, खांब बघायला. कढया परत लागल्या. राजा सुखात ऱ्हायला, पाव्हने सुखात ऱ्हायले, भज्यावाले बी सुखात ऱ्हायले.

जिवली अजून सांजेला तांब्या घेऊन जाती. एक सांज, एकच, कोनी म्हंजे कोनी बघितलं न्हाई, तर चैत्या सुटंल. पन कोन ना कोन तिथं बघत उभंच असतं. ती उभी ऱ्हाती आन भरला तांब्या घेऊन माघारी येती. सोमी झऱ्याकडं पाठ करून बसलेली असती, नाक चाचपत. तिनं परत कधी मान वळवली न्हाई.

संपली.

आता भिंतीकडं तोंड करा. समद्यांनी. गोप्या, तू बी. इथनं कुठं दिसतोय झरा, असं इचारू नको मला. कर म्हनतो ना पाठ. डोळे मीट.

आपल्याकडनं तरी कोनी बघायला नको.