बापाचं नाव मागायची मुदत

"मुदत संपली! पुढचा कोण?"

देवनाळच्या राजानं हात झटकला. त्याचा कायदा असा, की बापाचं नाव हवं असेल तर जन्मल्यापासून वर्षाच्या आत मुलानं स्वतः दरबारात येऊन मागायचं. वर्ष उलटलं की दार बंद! घेतलेलं कापड परत करायला मुदत असते, हे आम्हा दुकानदारांना समजतं. पण बापाला?

समोर उभी होती फुलं विकणारी चंद्री. अत्तरवाल्या भुजंगशेटनं तिच्या आईशी परगावी लग्न केलं, पोर झाली, आणि गडी पुन्हा तिकडे फिरकलाच नाही. आता आईही गेली होती, आणि बापाचं नाव सांगितल्याशिवाय पंच चंद्रीला बाजारात बसू देईनात.

"महाराज, मला शेटचं घर नको, अत्तर तर मुळीच नको. नाव तेवढं द्या."

"फार उशिरा आलीस गं!" बाजूला गालिच्यावर बसलेला भुजंगशेट झुबकेदार मिशीवरून बोट फिरवत म्हणाला. "कायदा म्हणजे कायदा!"

"आणि तो सगळ्यांना सारखा!" राजा गरजला. "ज्याला तो लागू पडत नाही, असं एक तरी मूल दाखव. मग बघू!"

"राजपुत्र केवढे झाले, महाराज?"

"अकरा महिन्यांचे."

"अगंबाई, मग महिनाच उरला की! बोलवा त्यांना. मागू देत बापाचं नाव!"

दरबारात खसखस पिकली. राजा हट्टाला पेटला. "आणा रे युवराजांना!"

दाईनं बाळाला गालिच्यावर सोडलं. राजानं हात पसरले. "सांग बाळा, तुझे बाबा कोण?"

बाळ रांगत निघालं. राजाला वळसा घालून थेट भुजंगशेटपाशी गेलं, त्याच्या मांडीवर चढलं आणि ती मिशी दोन्ही मुठींत धरून ओरडलं, "बाऽबा!"

"कारकून, लिहून घ्या!" चंद्री म्हणाली. "दावा मुदतीत आलाय!"

"महाराज, माझा काही संबंध नाही हो!" शेटला दरदरून घाम फुटला. पडद्याआड राणीसाहेबांना हसू आवरेना.

"पुरे, पुरे!" राजा ओशाळला. "मुदत रद्द! ज्याला बोलता येईल त्यानं हवं तेव्हा मागावं. पण पोरी, हाच तुझा बाप कशावरून?"

"हो ना! साक्षीदार आहे का कुणी?" मिशी सोडवत शेट म्हणाला.

चंद्री मागे वळली. शेटची बहीण गोदाक्का गर्दीत पान चघळत उभी होती, भावाचा खटला बघायला आलेली.

"काय हो आत्याबाई, बारशाला माझ्या कानात कुर्रर्र केलंत. मानाची साडी मिळाली का?"

"कसली साडी!" गोदाक्का उसळली. "बैलगाडीत हाडं खिळखिळी करून गेले, चंद्रभागा म्हणून नाव ठेवलं, आणि या चिकटोबानं मला साधं सुती लुगडंसुद्धा—"

तिनं जीभ चावली. शेटनं कपाळावर हात मारला.

"महाराज," चंद्री म्हणाली, "हे माझे बाप नसतील, तर यांची बहीण माझी आत्या कशी झाली?"

राजा असा हसत सुटला की मुकुट हातात धरावा लागला! "लिहा, कारकून! चंद्रभागा भुजंग अत्तरवाले! राजवाड्याची फुलं आजपासून हिच्याकडूनच यायची. आणि शेट, बहिणीला पैठणी घेतल्याशिवाय घरी जायचं नाही!"

"एक नाही, भुजंगा, दोन!" चंद्रीला जवळ ओढत गोदाक्का म्हणाली. "माझ्या भाचीला काय फुलांच्या पाकळ्या नेसवू?"