तळखोंडची तवसळी

तळखोंड गावात कुणाच्या घरी गेलात आणि त्या दिवशी तिथे तवसळी झालेली असली, तर एक गोष्ट तुम्हाला चमत्कारिक वाटेल. गवती चहाचा वास घरभर सुटलेला असतो, कप हातात येतात, बशीत तवसळीच्या वड्या येतात, वर तुपाची धार पडते, पण "घ्या" असं कुणी म्हणत नाही. जिनं ती केली ती बाई आधी पाटावर बसते. सगळ्यांच्या देखत एक वडी मोडून खाते, गिळते आणि मोठ्यानं सांगते, "गोड आहे." मग घरातलं सगळ्यात लहान पोर पुढे बोलावतात. त्याला एक घास देऊन विचारतात, "कसं लागतं?" पोरानं गोड म्हटलं की मग देवाला, मग पाहुण्यांना, आणि सगळ्यात शेवटी घरच्यांना.

शहरातून आलेल्या बायकांना हे फार आवडतं. "किती छान! करणारीला पहिला मान!" म्हणत त्या फोटो काढतात. वाघजाईच्या देवळातले म्हातारे धाकू गुरव जवळपास असले तर पान चघळायचे थांबतात.

"मान कसला आलाय, बाय," म्हणतात. "बसा जरा. चहा निवेपर्यंत सांगतो."

तवसं म्हणजे काकडीच, पण वेलावर मुद्दाम राखलेली, जून झालेली, पिवळीजर्द आणि हातभर लांब. कोकणात अशी तवशी आढ्याला टांगून ठेवतात आणि पाऊस सरला की एकेक उतरवतात. किसायचं, तुपावर भाजलेल्या तांदळाच्या कण्यांत गूळ-खोबऱ्याबरोबर शिजवायचं, हळदीच्या पानांवर टोपात ओतायचं, आणि खाली निखारे, वर झाकणावरही निखारे ठेवून भाजायचं. तासाभरानं कडा तांबूस होतात आणि पानाचा वास अंगणापर्यंत जातो. मग पोरं चुलीपासून हलत नाहीत.

असे सांगतात की फार वर्षांपूर्वी, या गावात चहाची पूड अजून कुणी पाहिलीही नव्हती, तेव्हा खाडीकडच्या वाडीत द्वारका नावाची एक सून होती. नवरा गलबतावर, वर्षातले आठ महिने दर्यात. घरात सासू काशी आणि तीन वर्षांची लेक तुळशी. द्वारकेचं वय विशीच्या आतबाहेर.

त्या साली श्रावणात तुळशीला ताप भरला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, नऊ दिवस. पाला झाला, काढे झाले, अंगारा झाला. नवव्या दिवशी पोर डोळे उघडेना, तेव्हा द्वारका भर पावसात वाघजाईच्या पायरीवर जाऊन पडली. म्हणाली, "पोर उठून बसू दे. आश्विनात नव्याच्या पुनवेला नव्या तांदळाची तवसळी माझ्या हातानं करून आणीन. तू खाल्ल्याशिवाय तिचा कण माझ्या काय, माझ्या घरातल्या कुणाच्या जिभेला लागू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, म्हणे. पोर उठून बसली, पेज मागू लागली.

पण द्वारकेच्या जिवाला काही स्वस्थता लागली नाही. पोर शिंकली की ती दचकायची. झोपलेली असली की नाकाशी बोट धरून श्वास बघायची. देवीनं दिलंय, आता आपल्या हातून काही चुकलं तर देवी परत नेईल, हेच तिच्या मनात घर करून बसलं. पुनवेपर्यंतचे दिवस तिनं जीव मुठीत धरून काढले.

पुनव आली. द्वारका पहाटे न्हाली, ओल्या लुगड्यानंच तवसं आढ्यावरून उतरवलं. काशी दारात भात पाखडत बसली होती.

"देठाकडचा शेंडा काप," काशी म्हणाली. "घास चांगला, फेस येऊ दे. आणि एक चकती जिभेला लाव गो. एखादं कडू निघतं."

द्वारकेनं शेंडा कापला, घासला, पांढरा फेस काढला. चकती मात्र जिभेला लावली नाही.

"नवस आहे, आत्याबाई."

"अगो, नुसती लावायची नि थुंकायची. ते काय खाणं झालं? एवढं देवीला कळतं."

"तुमचं बोलायला काय जातं," द्वारका म्हणाली. "पोर माझी आहे."

काशीनं सूप आपटलं. "कर बाय तुला हवं तसं. या म्हातारीचं ऐकायला घरात आहे कोण?" आणि पाठ फिरवून पुन्हा पाखडायला लागली.

द्वारका किसायला लागली तशी तुळशी येऊन तिला चिकटली. आजारातून उठलेली, हातापायाच्या काड्या, पण तोंडाला चव आलेली. "आये, मला चकती." द्वारकेनं तिच्या हातावर फटका मारला. मग पोरीचे डोळे भरलेले बघून तिलाच कसंतरी झालं. तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "देवीनं खाल्ली की पहिला घास तुझा. कडेचा, खरपूस."

"देवीला दात आहेत?"

"आहेत तर."

"मग ती सगळी खाईल."

"नाही गो. ती वासानंच जेवते."

हे काही पोरीला खरं वाटलं नाही. टोप निखाऱ्यांवर चढला तशी ती चुलीसमोर राखणीला बसली आणि तवसळी होईपर्यंत तिथून उठली नाही. देवीनं मधेच येऊन खाल्ली तर?

तिसऱ्या प्रहरी देवळात नैवेद्य दाखवला. "त्या वेळचे गुरव आमचेच पूर्वज," धाकू गुरव इथे सांगतात. घंटा झाली. प्रसादाचा पहिला मान गावकाराचा. गावकार म्हणजे रामजी, पिळदार मिशांचा, गावात शब्दाला वजन असलेला. त्यानं वडी मोडून तोंडात टाकली आणि त्याचा जबडा जागच्या जागी थांबला.

तवसं कडू निघालं होतं. थोडंथोडकं नाही, कडू विष. गुळानंसुद्धा ते झाकलं नव्हतं.

पण देवीचा प्रसाद कडू कसा लागेल? रामजीच्या मनात आलं, कडू प्रसाद नाही, कडू आपलं तोंड. आपलंच काहीतरी पाप आहे, ते देवीनं जिभेवर आणलं. त्यानं डोळे मिटले, गिळलं, हात जोडले. त्याच्यानंतर त्याच्या भावानं खाल्लं. त्यालाही कडू लागलं. त्यानं रामजीकडे पाहिलं, तर रामजी शांत. मग तोही शांत राहिला. असं करत चाळीस माणसांनी त्या प्रसादाचा कण कण तोंडात घातला, आणि चाळीसही जणांना वाटलं की कडू फक्त आपल्यालाच लागतंय. कुणी उपरण्यात थुंकलं, कुणी पदरात बांधलं. तोंडातून शब्द कुणी काढला नाही. आपलं पाप चारचौघांत कोण सांगणार?

काशीनंही खाल्लं. तिला मात्र कळलं. पापबीप काही नाही, हे तवसं आहे. पण आता बोललं तर सकाळचं भांडण देवळात येणार, आपल्याच घराची अब्रू आपल्याच तोंडानं जाणार. तिनं वडी मुठीत दाबली आणि दीपमाळेकडे बघत राहिली.

द्वारकेनं स्वतः अजून खाल्लं नव्हतं. आधी पोरीला. कडेची खरपूस वडी, सगळ्यात मोठी, तिनं तुळशीच्या हातात दिली. पोरीनं दोन्ही हातांनी धरून लचका तोडला.

"आये, कडू."

द्वारकेनं मान वर केली. चाळीस माणसं समोर, सगळ्यांची तोंडं शांत.

"प्रसादाला कडू म्हणू नये, बाय," रामजी गावकार म्हणाला. "खा."

द्वारकेनं देवीकडे पाहिलं. देवी ऐकते आहे. जिनं पोर दिली ती समोर बसून ऐकते आहे. तिनं तुळशीला ओढून जवळ घेतलं. "गोड आहे गो. म्हण गोड. म्हण." पोर मान फिरवायला लागली तशी तिनं गाल दाबून घास आत सारला. "गोड म्हण आधी."

"गोड," तुळशी म्हणाली. रडत रडत म्हणाली, आणि आईला राग येऊ नये म्हणून उरलेली वडीही तिनं संपवली.

घर यायच्या आत पोरीला उलट्या सुरू झाल्या. गावातही पाचपंचवीस जणांना झाल्या, पण त्यांच्या पोटात कणभर गेलं होतं आणि अंगं धडधाकट होती. तुळशीच्या पोटात अख्खी वडी. आजारातून उठलेल्या जिवात होतं काय? तिसऱ्या दिवशी सकाळी, गुरं सोडायच्या वेळेला, ती गेली.

पोरीला पोचवून माणसं परतली. द्वारका चुलीपाशी येऊन बसली. टोपाच्या तळाला बरीच तवसळी चिकटून होती. ती खरवडून तिनं तोंडात घातली. तेव्हा तिला कळलं. कळल्यावरही ती खातच राहिली, मुठीमुठीनं. काशीनं धावत येऊन तिच्या हातातला टोप उडवला.

"मला कळलं होतं गो," काशी म्हणाली. "तोंडात घातली तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

काशी वाकून जमिनीवर उडालेले कण वेचू लागली.

गाव समाचाराला आलं. देवीची इच्छा, म्हणालं. पोर देवीला आवडली म्हणून तिनं जवळ घेतली, असंही कुणी म्हणालं. द्वारका भिंतीला टेकून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. रडली नाही, म्हणतात.

वर्ष गेलं. पुढच्या नव्याच्या पुनवेला नैवेद्याची तवसळी रामजी गावकाराच्या घरची होती. त्याची सून टोप घेऊन देवळात शिरणार, तोच द्वारका उंबऱ्यात वाट अडवून बसली. टोपाचं झाकण काढलं, सगळ्यांच्या देखत वडी उचलली आणि खाल्ली.

"उष्टी केलीन! नैवेद्याची उष्टी केलीन!" एकच गलका झाला.

"गोड आहे," द्वारका म्हणाली. "पण न्यायची नाही अजून. गेल्या साली कशी होती ते सांगा, मग न्या."

"तुला विचारतंय कोण?" रामजी ओरडला. "हो बाजूला!"

"मीच विचारते, गावकार. कडू होती का गोड? तुमच्या जिभेवर होती. माझी तीन वर्षांची पोर बोलली. तुम्ही एवढे मिशा असलेले, तुम्ही का नाही बोललात?"

तिला हात लावून उठवायची छाती कुणाची झाली नाही. ऊन उतरायला लागलं. टोप उंबऱ्याबाहेर, देवी उपाशी. शेवटी बायकांतून काशी पुढे आली. पदर डोळ्यांवर ओढून म्हणाली, "कडू होती." मग मागून एक बाई म्हणाली, "मलाही कडू लागली होती." मग एक म्हातारा. मग रामजीचा भाऊ. एकेक करून चाळीस जणांनी सांगितलं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकून चकित होत गेला. रामजीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं.

"कडू होती, पोरी," तो म्हणाला.

द्वारका उठली. "आता न्या," म्हणाली.

त्या दिवशी गावानं देवीसमोर ठरवलं. करणारीनं आधी खायचं, नवस असो की नसो. मग गावातलं धाकटं पोर खाईल, आणि ते जे म्हणेल त्याला कुणी नाही म्हणायचं नाही. द्वारका पुढे म्हातारी होऊन मेली. नवरा परत आला होता, आणखी पोरं काही झाली नाहीत. तवसळी तिनं पुन्हा हातानं केली नाही. पण दर साली नव्याच्या पुनवेला ती देवळात यायची आणि पोराला तीच विचारायची, "कसं लागतं?" उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पोरं तिला भ्यायची, म्हणे.

आजही तळखोंडात पोरानं नाही म्हटलं तर तवसळी कुणी तोंडात घालत नाही. गेल्या साली इथेच, देवळासमोरच्या घरात, पुण्याचे पाहुणे आले होते. टोपभर तवसळी, वर खमंग रंग आलेला. सुनेनं खाल्ली, गोड म्हणाली. मग तिच्याच चार वर्षांच्या लेकीला घास दिला. पोर वात्रट. पाहुण्यांकडे बघून खुदकन हसली आणि म्हणाली, "कडू!"

सून उठली. फडक्यानं टोप धरला आणि खाडीकडे चालू लागली. पाहुणीबाई कप खाली ठेवून तिच्या मागे धावली. "अहो, काय करताय? एवढी मेहनत! लेकरू थट्टा करतंय, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय की," सून म्हणाली. टोप तिनं पाण्यात उपडा केला. "करू दे थट्टा. बोलली ना."